सोलापूरच्या उन्हात देशी नेचा (फर्न) लावायचाय. कुठला लावू आणि आणू कुठून?

कसब्यातला_वाडा :
नमस्कार मंडळी. आमचा जुना वाडा उत्तर कसब्यात आहे. मागच्या अंगणाला उत्तरेकडे दगडी भिंत, भिंतीलगत आड, आणि वर शेजारच्या कडुनिंबाची सावली. थेट ऊन फारसं येत नाही, पण एप्रिल-मे मध्ये झळा चांगल्याच लागतात. माती काळी. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं. इथे एखादा दुर्मिळ देशी नेचा लावावा अशी फार दिवसांची इच्छा आहे. नर्सरीत विचारलं की बोस्टन फर्न पुढे करतात. सह्याद्रीत वृक्षनेचे पाहिलेत, पानामागे चांदीसारखी पूड असलेले नेचेही पाहिलेत. ओळखीचे एक जण पावसाळ्यात तिकडून रोपं काढून आणून देतो म्हणतायत. घेऊ का? की आपल्या हवेत टिकेल असं दुसरं काही आहे?

देवराई :
रोपं मागवू नका, ही कळकळीची विनंती. राखीव जंगलातून झाड उपटणं भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. वृक्षनेचे तर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, धुक्यात आणि ओल्या दरीत वाढलेला वृक्षनेचा सोलापूरच्या मे महिन्यात जगणार नाही. चांदीच्या पुडीवाला कातळाच्या खाचेत मुळं रोवून बसलेला असतो. खरवडून काढला की मुळं तुटतात, आणि तिथली जागाही रिकामी होते.

माळरान :
वाडेकर, तुमच्या भिंतीकडे आधी नीट बघा हो. दुर्मिळ काहीतरी बाहेरूनच आणावं लागतं असं का धरून चाललात? आपल्या कोरड्या मुलखाचे स्वतःचे नेचे आहेत, आणि मला विचाराल तर त्यांच्यासारखे देखणे दुसरे नाहीत.

पहिली मयूरशिखा. वीतभर उंचीची, प्रत्येक दांड्यावर पंख्यासारखं पान, जणू बोटाएवढं ताडाचं झाड. किल्ल्यांच्या तटात, जुन्या घाटांच्या दगडांत, कातळाच्या भेगांत ही उगवते. हिची खरी करामत उन्हाळ्यात दिसते. पानं आत वळतात, तपकिरी होतात, हाताला कुरकुरीत लागतात, आणि बघणारा मेली म्हणून उपटून टाकतो. ती मेलेली नसते. पहिल्या चांगल्या पावसानंतर तीच पानं पुन्हा उलगडतात आणि हिरवी होतात. म्हणून उन्हाळ्यात हिला रोज पाणी घालू नका, सतत ओलं राहिलं की मूळ कुजतं. जगभरात ही अगदीच विरळ नाही, पण गावागावांतून जाते आहे, कारण चुन्याच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढतोय. औषधी म्हणून उपटतात ते वेगळंच. तुमच्या दगडी भिंतीत चुन्याच्या सांध्यांना गिलावा करू नका. नेच्यासाठी तुम्ही एवढं जरी केलंत तरी फार झालं.

दुसरा हंसराज. काळ्याभोर तारेसारखे दांडे आणि पंख्याच्या आकाराची नाजूक पानं. याला ओल लागते, आणि चुना चालतो. तुमच्या बोअरच्या पाण्याला घाबरण्याचं कारण नाही. आडाच्या आतल्या बाजूला, काठाखाली हातभर, दगडांच्या सांध्यांत याची जागा. खालून पाण्याचा गारवा येतो, वरून झळ पोचत नाही.

हिरवी_ओंजळ :
माळरानदादांना पूर्ण अनुमोदन. आणायचं कसं तेवढं मी सांगते. रोप आणायचं नाही, बीजाणू आणायचे, म्हणजे नेच्याची बियांच्या जागी असणारी बारीक धूळ. कुणा ओळखीच्यांच्या विहिरीत किंवा शेताच्या बांधावर नेचा असेल तर मालकाला विचारून पिकलेलं एकच पान घ्या. हंसराजात पानाची कड मागे दुमडलेली असते, तिच्याखाली बीजाणू असतात. त्या घड्या तपकिरी झाल्या की पान तयार. कोरड्या कागदाच्या घडीत ठेवा, एक-दोन दिवसांत तपकिरी धूळ गळते.

विटेचा चुरा आणि कोकोपीट सारखं मिसळून पसरट कुंडीत भरा, वरून उकळतं पाणी ओता म्हणजे बुरशी आणि शेवाळ मरेल. गार झालं की धूळ अगदी विरळ भुरभुरा. मातीने झाकू नका, उजेड लागतो. वर काच ठेवा, आणि पाणी उकळून गार केलेलं, खालच्या ताटलीतून द्या. काही आठवड्यांत हिरवट साय धरल्यासारखं दिसेल. शेवाळ आलं म्हणून फेकू नका! भिंगातून बघा, नखापेक्षाही लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या चपट्या हिरव्या टिकल्या दिसतील. नेच्याचं पहिलं रूप हेच. या टिकल्यांवर पाण्याचा पातळ थर असला तरच नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जाते, म्हणून या काळात हलका फवारा हवाच. मग प्रत्येक टिकलीतून इवलं पान वर येतं. काच एकदम काढू नका, रोज थोडी थोडी सरकवा. वर्ष गेलं तरी धीर सोडू नका.

कसब्यातला_वाडा :
तुमचं वाचून आडात डोकावून पाहिलं. काठाखाली सांध्यांत काही बारीक नेचे आहेत! एकाचं पान लांब, वाकलेलं, आणि टोकाला नवीन रोप फुटलंय. हे काय?

माळरान :
वा! हंसराजाच्याच कुळातला आहे. यातल्या काही जातींत पानाचं टोक जमिनीला टेकलं की तिथे मुळं फुटतात आणि नवीन रोप होतं. मूळ झाडाला हात लावू नका. टोकाचं रोप धरलं की पुरेसं. त्याखाली विटेचा चुरा आणि कुजलेला पाला भरलेली लहान कुंडी टेकवा, मुळं धरली की दांडा कापा. उन्हाळ्यात पानं वाळली तरी कुंडी रिकामी करू नका, मातीतली गाठ जिवंत असते.

कसब्यातला_वाडा :
कळलं. कुंडी काळ्या मातीत पुरून ठेवली तर चालेल का? झळांचं काय करू?

हिरवी_ओंजळ :
काळ्या मातीत नको. ती पावसात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते, नाजूक मुळं तुटतात. मातीची कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवा, दोन्हींमध्ये वाळू भरा आणि फक्त वाळू ओली ठेवा. पाणी झिरपून उडतं, कुंडी गार राहते, नळाला पाणी काही दिवसांआड आलं तरी निभावतं. पश्चिमेकडून गोणपाट टांगा, दुपारी ओलं करा. मयूरशिखेच्या कुंडीला मात्र यातलं काही करू नका, ती भिंतीपाशी कोरडीच राहू द्या.

देवराई :
वेळेचंही सांगून ठेवतो. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस चांगला असतो, पानं पिकतात ती त्याच सुमाराला. बीजाणू तेव्हा धरा आणि पेरून टाका, थंडीभर कुंडी घरात खिडकीशी ठेवली की बुरशीचा त्रास कमी. आडातल्या नेच्यांचे फोटो काढा, पानाची मागची बाजू नक्की दिसू द्या, आणि इथेच टाका. ओळख पटली की बीजाणू कधी घ्यायचे ते नेमकं सांगता येईल.