बंड, उठाव की राज्यक्रांती?

प्रश्न : शाळेतल्या मुलांसाठी टिपण लिहितेय. त्यात एक वाक्य आहे : ‘१७८९ साली जनतेने बंड करून फ्रान्सची राजेशाही उलथून टाकली.’ यातलं ‘बंड’ मला खटकतंय. तिथे ‘उठाव’ घालू की ‘क्रांती’? की तिन्हींचा अर्थ एकच?

प्रतिसाद : एकच नाही. पण शब्दाच्या आधी साल बघा. १४ जुलै १७८९ ला बास्तीय, म्हणजे पॅरिसमधला तुरुंग म्हणून वापरला जाणारा किल्ला, लोकांच्या हाती पडला, तेव्हा राजेशाही पडली नव्हती. सोळावा लुई पुढे तीन वर्षं गादीवर होता. १७९१ च्या राज्यघटनेत तर तो ‘फ्रान्सचा राजा’ऐवजी ‘फ्रेंचांचा राजा’ झाला, म्हणजे अधिकार कापले पण मुकुट ठेवला. गादी खरोखर गेली ती १० ऑगस्ट १७९२ ला.

त्या दिवसाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ऑस्ट्रिया आणि प्रशियाशी युद्ध सुरू होतं. जुलैच्या अखेरीस शत्रूच्या सेनापतीने, ब्रन्सविकच्या ड्यूकने, जाहीरनामा काढला : राजाच्या केसाला धक्का लागला तर पॅरिसची खैर नाही. धमकीने लोक दबले नाहीत, उलट राजा शत्रूला सामील आहे हा संशय पक्का झाला. ९ ऑगस्टच्या रात्री धोक्याच्या घंटा घणघणू लागल्या. सकाळी पॅरिसच्या वस्त्यांतले लोक आणि मार्सेय, ब्रितानीहून आलेले स्वयंसेवक त्विलरी राजवाड्यावर चालून गेले. लढाई पेटण्याआधीच राजा कुटुंबासह बाग ओलांडून शेजारच्या विधिमंडळात आश्रयाला गेला होता. राजासमोर सभेला चर्चा करता येत नाही, असा घटनेतला नियम. म्हणून त्याला अध्यक्षांच्या मागे, कामकाज टिपून घेणाऱ्यांच्या छोट्याशा कोठडीवजा जागेत बसवलं. तिथे बसून त्याने आपले अधिकार निलंबित झाल्याचं ऐकलं. तिकडे राजवाड्यावर सुमारे ९०० स्विस रक्षक होते, त्यांतले ६०० च्या आसपास मारले गेले. हल्ला करणाऱ्यांचीही शेकडो माणसं पडली. २१ सप्टेंबरला नव्या राष्ट्रीय परिषदेने राजेशाही रीतसर रद्द केली.

आता शब्द. कुठलं क्रियापद सोबत येतं ते बघा, निम्मा उलगडा होतो. बंड ‘मोडून काढतात’, ‘शमवतात’. उठाव ‘होतो’ किंवा ‘दडपला जातो’. क्रांती ‘घडते’. ‘क्रांती शमवली’ असं कुणी म्हणत नाही. बंड हा सहसा सत्तेच्या बाजूने बघणाऱ्याचा शब्द. वासुदेव बळवंत फडक्यांचं ते सरकारच्या लेखी बंड, आपल्या लेखी ते आद्य क्रांतिकारक. १८५७ चं आधी ‘बंड’, मग ‘उठाव’, मग ‘स्वातंत्र्यसमर’ झालं, ते बघणाऱ्याची जागा बदलली म्हणून. मुलांच्या हाती ‘बंड’ देऊ नका, त्यात राजाचा निवाडा आधीच आलेला असतो.

लुईबद्दल एक आख्यायिका आहे. बास्तीयची बातमी कळल्यावर त्याने विचारलं, ‘हे बंड आहे का?’ आणि दरबारी म्हणाला, ‘नाही महाराज, ही क्रांती आहे.’ खरी असो नसो, फरक नेमका दाखवते.

दुसरा प्रतिसाद : ‘उठाव’ मला तरी फिका वाटतो. बाजारात ‘मालाला उठाव नाही’ म्हणतात, तोच हा शब्द.

पहिल्याचं उत्तर : संदर्भ वेगळा असला की गल्लत होत नाही. आणि फिका तर मुळीच नाही. जून १७९३ मधल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं शेवटचं, ३५ वं कलम बघा : सरकार लोकांचे हक्क पायदळी तुडवील तेव्हा उठाव हा जनतेचा सर्वांत पवित्र हक्क आणि सर्वांत अत्यावश्यक कर्तव्य ठरतो. तिथे ‘बंड’ घालून वाचा, कलमाचा जीवच जातो. ‘क्रांती’ही बसत नाही, कारण क्रांती हा कुणाचा हक्क नसतो, ती उठावांतून उभी राहते. १० ऑगस्ट हा उठाव. १७८९ पासून पुढची दहा वर्षं सगळी मिळून राज्यक्रांती. ‘राज्य’ जोडल्याने ती औद्योगिक, हरित अशा क्रांतींपासून वेगळी ओळखता येते, ते ठेवाच.

वाक्य असं करा : ‘१० ऑगस्ट १७९२ च्या उठावात पॅरिसच्या जनतेने सोळाव्या लुईला पदच्युत केले, फ्रेंच राज्यक्रांतीतील हा निर्णायक दिवस.’ ‘पदच्युत’ मुलांना जड जात असेल तर ‘गादीवरून खाली खेचले’ चालेल.

तिसरा प्रतिसाद : लेखनाचं एक. सुटा शब्द ‘क्रांती’ दीर्घ, पण समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्व : क्रांतिकारक, क्रांतिदिन, क्रांतिवृत्त. ‘राज्यक्रांती’त तो शेवटी आहे, म्हणून दीर्घच.