ग्रानादातून भारतातली नोकरी जमेल का?

भटकभवानी: पुण्याच्या कंपनीने रिमोटला होकार दिलाय. माद्रिदची भाडी झेपणार नाहीत. दक्षिण स्पेनमधलं ग्रानादा कसं? मी शाकाहारी आहे.

कोथरूडकर: मी इथेच असतो, अल्बायसिन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या पायथ्याशी. डिजिटल नोमॅड व्हिसा (स्पेनमध्ये राहून परदेशी कंपनीचं रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा) 2023 पासून मिळतो. उत्पन्न स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट दाखवावं लागतं. खरी गोची वेळेची. आपले सकाळचे दहा म्हणजे इथे उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेपाच. मिट्ट काळोख! आणि ‘दक्षिण स्पेन’ ऐकून स्वेटर घरी ठेवू नका, गाव जवळपास 700 मीटर उंचीवर आहे. जुन्या घरांत गोल टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड सोडतात, आत हीटर. पाय त्यात खुपसून बसायचं. माझे सगळे कॉल तिथूनच. बियरबरोबर तापा (छोटी खाण्याची बशी) फुकट, पण बऱ्याचदा त्यात हॅम, तेव्हा आधीच सांगायचं. डाळी-मसाले मोरोक्कन दुकानांत बघा. दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद (पुणेकरांना हे काय सांगायचं म्हणा).

उंटावरचा_शहाणा: घर ठरवण्याआधी मालकाला विचारा, नगरपालिकेत त्या पत्त्यावर नाव नोंदवू देणार का. काहीजण सरळ नाही म्हणतात, मग पुढचे कागद अडतात.

भटकभवानी: साडेपाच?? बॉसशी बोलते आधी.