तीन पत्ती येते, पोकर कुठून सुरू करू?

किलवरची_राणी: मंडळी, दिवाळीला आमच्याकडे तीन पत्तीचा डाव ठरलेलाच, ती बऱ्यापैकी जमते मला. आता ऑफिसातले पाचसहा जण शनिवारी पोकरचा टेक्सस होल्डेम हा प्रकार खेळतात, पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. दोन पानं हातात, पाच मध्ये उघडी, एवढंच कळलंय. परवा सिक्वेन्स (ओळीने आकडे) लागला म्हणून सगळ्या चिप्स लावल्या, तर समोरच्याचा कलर (सगळी पानं एकाच चिन्हाची) निघाला आणि तोच जिंकला! असं कसं? आणि आधी काय शिकू?

गुलामचोर: तीन पत्तीतून आलेले बहुतेक जण इथेच फसतात. तीन पानांत कलर १,०९६ प्रकारे जुळतो, साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स मोठा. पाच पानांत उलटं होतं, सिक्वेन्स (इथे स्ट्रेट म्हणतात) १०,२०० प्रकारे आणि फ्लश म्हणजे कलर ५,१०८. जे कमी वेळा लागतं ते मोठं, एवढंच. चढता क्रम चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा: पेअर, दोन पेअर, तीन सारखी, स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस (तीन सारखी अधिक एक पेअर), चार सारखी, स्ट्रेट फ्लश.

इस्पिक७: मी म्हणेन सगळ्यात आधी पॅक करायला, म्हणजे पानं टाकून डाव सोडायला शिका, खरंच. तीन पत्तीत ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता खेळत राहायची सवय असते, इथे ब्लाइंड म्हणजे डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटायच्या आधीच टाकायच्या ठरलेल्या चिप्स, बाकीच्यांनी पानं बघूनच काय ते ठरवायचं. त्या दोघांच्या लगेच पुढे बसला असाल तर मोठी जोडी किंवा एक्का-बादशहा असं काही असेल तरच खेळा, कारण तुमच्यामागून बोलणारे अजून बरेच असतात. डीलरच्या जागेवर असाल तर फ्लॉपपासून (मधली पहिली तीन पानं उघडली की) शेवटी बोलता, सगळ्यांनी काय केलं ते आधी दिसतं, तिथे थोडी हलकी पानंही चालतात.

किलवरची_राणी: दोघांचे आभार! चार बदाम झाले आणि पाचव्यासाठी थांबायचं असेल तर?

गुलामचोर: ९ बदाम उरलेत. दोन पानं यायची असतील तर ९ ला ४ ने गुणा, एकच यायचं असेल तर २ ने, साधारण टक्के मिळतात. म्हणजे शेवटच्या पानाला १८ टक्के, पाचात एकदापेक्षाही कमी. मध्ये २०० चिप्स आहेत आणि तुम्हाला २० टाकायच्यात तर टाका (२२० मधले २०, म्हणजे ९ टक्केच), १०० मागत असतील तर सोडा (३०० मधले १००, म्हणजे ३३ टक्के).

आणि ॲपवर पैसे लावून शिकायच्या भानगडीत पडू नका, २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन गेम बंद केलेत. घरी चार हात उघडे वाटा आणि प्रत्येक पानाला कोण पुढे आहे ते मोठ्याने सांगत जा, शनिवारपर्यंत हात बसेल.