शिकागो ते लॉस एंजेलिस: कोणत्या शहरात दोन रात्री राहावे?

प्रश्न: सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे शिकागोहून लॉस एंजेलिसपर्यंत गाडीने जाणार असून हाताशी दहा दिवस आहेत. सेंट लुईस, ओक्लाहोमा सिटी, अल्बुकर्की आणि फ्लॅगस्टाफ यांपैकी कोठे दोन रात्री राहावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: सेंट लुईसला एक रात्र पुरते, मात्र १९२ मीटर उंचीच्या गेटवे आर्च या कमानीवर अवश्य जावे. वर नेणारा पाच आसनांचा डबा इतका लहान असतो की ठेंगण्या दारातून वाकून आत शिरावे लागते आणि समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. पण वरच्या चिंचोळ्या खिडकीतून खाली मिसिसिपी नदी दिसते, तेव्हा ती अडचण विसरायला होते. ओक्लाहोमा सिटीत केवळ मुक्काम करावा.

उत्तर २: माझे मत अल्बुकर्कीला आहे, कारण तेथून सांता फे हे शहर सुमारे १०० किलोमीटरवर आहे. सांता फे सुमारे २,१०० मीटर उंचीवर असल्याने पहिल्या दिवशी चढ चढताना धाप लागते. म्हणून घाई करू नये.

उत्तर ३: मी मात्र फ्लॅगस्टाफच सुचवेन. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ तेथून साधारण १३० किलोमीटरवर आहे आणि सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही पाहायचे, तर एक रात्र खरोखर अपुरी पडते. शिवाय फ्लॅगस्टाफ ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनात उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत) पाळत नसल्याने, न्यू मेक्सिकोतून येताना सप्टेंबरात घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, हे आरक्षणाच्या वेळा ठरवताना लक्षात ठेवावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. फ्लॅगस्टाफला दोन रात्री नक्की केल्या.