क्लेम फक्त एक्सचेंजवरूनच: छोट्या नर्सिंग होमलाही सक्ती करावी का?

वाशी_मेडिक्लेम_डेस्क
प्रत्येक टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा, फॉर्म वेगळा. काहींना अजून ईमेलच लागतो. नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्सचेंजवर, म्हणजे रुग्णालयं आणि विमा कंपन्यांमधल्या सामायिक सरकारी यंत्रणेवर, पात्रता तपासणी, प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी) आणि अंतिम क्लेम एकाच साच्यात जातात. ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्या रुग्णालयांना, 10 खाटांच्या नर्सिंग होमसकट, तारीख ठरवून सक्ती करा आणि कागदी फाइल बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

नौपाडा_10_खाटा
विरोध आहे. तुमच्याकडे डेस्क आहे. नौपाड्यात पहिल्या मजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये रिसेप्शन, बिल आणि मेडिक्लेम एकच मुलगी बघते. एक्सचेंजला नुसती पीडीएफ चालत नाही. माहिती एफएचआयआर या आरोग्य-माहितीच्या ठरावीक साच्याच्या रकान्यांत भरायची आणि पीडीएफ सोबत जोडायची. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर ‘रूम’, ‘ओटी’ (ऑपरेशन थिएटर), ‘मेडिसिन’ असे तीन ठोकळ आकडे छापतं. त्यातून रकाने भरणार कुठून? म्हणजे आधी सॉफ्टवेअर बदला, मग वर्षाचं एएमसी (देखभाल शुल्क) भरा. डीएचआयएस या सरकारी प्रोत्साहन योजनेत रुग्णालयाला क्लेममागे 500 रुपये किंवा क्लेमच्या 10 टक्के, यातली कमी रक्कम ठेवली होती. महिन्याला आठ-दहा क्लेम असतील तर त्यातून काय निघणार?

ऐरोली_कोडर
ऐरोलीत बसून अमेरिकेचे क्लेम करणाऱ्यांना हा वाद जुनाच वाटेल. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने 16 ऑक्टोबर 2003 पासून इलेक्ट्रॉनिक क्लेम बंधनकारक केले, पण 25 पेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या रुग्णालयांना आणि 10 पेक्षा कमी असलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांना सूट ठेवली. सक्तीही झाली आणि छोटेही टिकले. इथेही खाटांवर नाही, माणसांवर मर्यादा लावा.

बाकी खरी अडचण आजाराच्या कोडची आहे. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘हर्निया’ लिहिलेलं असतं. भरणारा अंदाजाने के42 टाकतो, म्हणजे बेंबीचा. ऑपरेशन जांघेतल्या हर्नियाचं, त्याचा कोड के40. निदान आणि ओटी नोट जुळत नाहीत, की विमा कंपनीची क्वेरी आलीच. कागदावर हे कुणीतरी समजून घ्यायचं, मशीन घेत नाही.

वाशी_मेडिक्लेम_डेस्क
मग डॉक्टरांनी बाजू आणि जागा लिहावी ना! ‘उजवा इंग्वायनल (जांघेतला), अडकलेला नाही’ लिहायला कितीसा वेळ लागतो?

घोडबंदर_टीपीए
दोघेही एक्सचेंजकडून जास्तच अपेक्षा करताय. एक्सचेंज म्हणजे पोस्टमन. पाकीट बंद नेतो, बंद देतो. क्लेम मंजूर करायचा की कापायचा, हे विमा कंपनीच ठरवते. रूम रेंट मर्यादेबाहेर गेला की होणारी प्रमाणातली कपात (बाकी बिलालाही त्याच प्रमाणात कात्री) पोर्टलवर होते तशीच तिथेही होणार.

विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचं उत्तर एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची. त्यापुढे उशीर झाला तर रुग्णालयाचा वाढीव आकार विमा कंपनीच्या माथी. पण घड्याळ सुरू होतं रुग्णालयाची विनंती पोचल्यावर. सकाळी 10 ला राउंडमध्ये ‘घरी जा’ सांगतात. वॉर्डातून उरलेली इंजेक्शनं आणि सलाईन मेडिकलमध्ये परत जायची, त्यांची क्रेडिट नोट (वजावटीची पावती) निघायची, मग फायनल बिल. ते जातं दीडला. पेशंटचे नातेवाईक साडेतीन तास आम्हाला शिव्या घालतात आणि आमच्याकडे अजून काही आलेलंच नसतं. सक्ती करून हे साडेतीन तास वाचत नाहीत.

नौपाडा_10_खाटा
हे मान्य. रिटर्न आदल्या संध्याकाळी काढलं तर सॉफ्टवेअर न बदलताही बिल अकराला जाईल.

वाशी_मेडिक्लेम_डेस्क
रात्रीचे डोस? ते संध्याकाळी परत केले तर सकाळी पुन्हा इंडेंट (औषधांची मागणी). रात्री आणि सकाळी लागेल तेवढंच वॉर्डात ठेवा, बाकी परत. आणि मोतीबिंदूच्या लेन्सचं, क्लेमला जोडायचं स्टिकर ओटीतच केसपेपरला चिकटवा. नंतर ते शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा कुठल्याच पोर्टलवर जात नाही.

कर्मचारीसंख्येवर सूट द्यायला माझी हरकत नाही, पण मुदत घालून. कायमची नको.

नौपाडा_10_खाटा
किती मुदत, ते आधी बोला.