जादा मालाचा दंड फक्त गाडीवाल्याला का? माल भरणाऱ्यालाही का नको?

घाटवाट
पुण्यातील नवले पुलाच्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका अवजड वाहनाने 48 गाड्यांना धडक दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच परिसरात दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेली मोटार पेटली. दोन्ही वेळा चर्चा वेगमर्यादा आणि कॅमेरे यांच्या पुढे गेली नाही. माझा आक्षेप असा की आपले नियम चालकाला रस्त्यावर गाठतात, पण माल जेथे भरला जातो त्या गोदामाच्या दारापर्यंत ते पोहोचत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार पासिंगपेक्षा (म्हणजे गाडीच्या नोंदणीत मंजूर असलेल्या वजनापेक्षा) जास्त माल असल्यास 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पाच टन जास्त असतील तर 30,000 रुपये झाले. परंतु ते पाच टन ज्याने भरायला लावले, त्या कारखानदाराचे किंवा व्यापाऱ्याचे नाव चलनावर कोठेच नसते.

कामाच्या तासांचीही तीच गत आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, पण महामार्गावर हे तास मोजतो कोण? फास्टॅग 2021 पासून सक्तीचा आहे. टोलनाक्यांवरील नोंदी जुळवल्या तर कोणती गाडी रात्रंदिवस न थांबता धावली हे सहज कळेल. म्हणून माल पाठवणाऱ्याला गाडीवाल्याइतकाच दंड असावा आणि तासांची तपासणी टोलच्या नोंदींवरून व्हावी, असे माझे मत आहे.

मालधक्का
आमचा वाहतुकीचा व्यवसाय आहे, त्यामुळे आमची बाजू मांडणे भाग आहे. आपला पहिला प्रस्ताव आम्हाला सोयीचा असूनही तो चालेल असे मला वाटत नाही. मालासोबत असलेल्या ई-वे बिलावर (जीएसटीच्या वाहतूक परवान्यावर) अनेकदा नग, पेट्या किंवा गोणी लिहिलेल्या असतात, टन नव्हे. आणि एकाच गाडीत चार व्यापाऱ्यांचा माल असेल तर जादा वजन कोणाचे, हे ठरवायचे कसे? जुलै 2018 मध्ये केंद्राने चार टायरांच्या ॲक्सलवरील (चाकांच्या आसावरील) भाराची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली, तेव्हाही गाड्यांची क्षमता कागदावर एका फटक्यात वाढली आणि टनामागे मिळणारे भाडे आणखी खाली ओढले गेले. नियम कोणताही आला तरी भाव ठरवणारा माल पाठवणाराच असतो. तो उद्या बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) ‘वजनाची जबाबदारी वाहतूकदाराची’ असे छापून घेईल आणि आम्ही मुकाट्याने सही करू.

दोन_पदरी
मला ही सगळी चर्चाच चालकाला पाठीशी घालणारी वाटते. 2022 च्या त्या अपघातात उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचे पोलिसांच्या तपासात पुढे आले होते. गिअरमधून गाडी काढली की इंजिनाचा रोध संपतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद असेल तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक वेळी पेडल दाबताना टाकीतील हवेचा दाब उतरत जातो. याला ‘ब्रेक फेल’ म्हणणे ही निव्वळ पळवाट आहे. हे कोणत्या व्यापाऱ्याने करायला सांगितले? जानेवारी 2024 मध्ये धडक देऊन पळून जाण्याबद्दलच्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारने ते कलम लागू करणे थांबवले. जेथे शिक्षेची भीती नाही, तेथे व्यापाऱ्याला दंड लावून काय साधणार?

घाटवाट
यांत्रिक भाग आपण अचूक मांडला आहे, परंतु गाडी न्यूट्रलमध्ये का घातली जाते, हाही प्रश्न विचारायला हवा. अनेक ठिकाणी फेरीचे डिझेल ठरवून दिलेले असते आणि त्यातून वाचेल ते चालकाचे. म्हणजे मालकच त्याला घाटात डिझेल वाचवण्याचे बक्षीस देतो. चालकाला शिक्षा जरूर व्हावी, पण हा हिशेब तसाच ठेवून दिलेली शिक्षा पुढच्या चालकाला थांबवणार नाही. मालधक्का यांच्या ‘सही करू’ या मुद्द्याबद्दल सांगायचे, तर आपसातील करारामुळे कायद्याने ठरवलेला दंड टळत नसतो. कलम 113 मध्ये आजही अशी तरतूद आहे की चालक मालक नसेल तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने होता, असे न्यायालय गृहीत धरू शकते. हेच गृहीतक एक पायरी मागे नेऊन माल पाठवणाऱ्याला लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे. 2018 च्या वाढीबद्दल मात्र मी त्यांच्याशी सहमत आहे. रस्त्याची झीज साधारणपणे ॲक्सलवरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते असे मानतात; त्या हिशेबाने 10.2 चे 11.5 टन झाल्यावर प्रत्येक फेरीमागे झीज सुमारे 60 टक्क्यांनी वाढली.

मालधक्का
गृहीतकाचा मुद्दा मान्य, निदान एकाच व्यापाऱ्याचा पूर्ण गाडीभर माल असतो तेथे. सिमेंट, पोलाद, वाळू यांच्या बाबतीत भरतानाच काटा होतो, तेव्हा तेथे सबबही उरत नाही. फास्टॅगवरून तास मोजण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण फास्टॅग गाडीचा असतो, चालकाचा नव्हे. दोन चालक आळीपाळीने चालवत असतील तर गाडी दिवसाला सोळा तास धावूनही नियम मोडला जात नाही. युरोपात टॅकोग्राफमध्ये (गाडी चालवल्याची वेळ नोंदवणाऱ्या यंत्रात) चालकाचे स्वतःचे कार्ड घालावे लागते आणि साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटे थांबावे लागते. येथे तसे करायचे असेल तर आधी महामार्गावर ट्रक उभे करण्याच्या सुरक्षित जागा द्याव्या लागतील, नाहीतर चालक कडेच्या पट्ट्यावरच गाडी लावून झोपेल आणि पाठीमागून येणारी मोटार तिच्यावर आदळेल.