दरडोई उत्पन्नाऐवजी गावाचे राहणीमान आणि शाश्वतता मोजायची असेल, तर काय मोजावे?

येरळाकाठ (विटा)

नमस्कार. मी विट्याजवळच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. यंदा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील आठ-दहा गावांची पाहणी करून घ्यायची आहे. विषय उत्पन्न नसून राहणीमान आणि शाश्वतता असा ठेवला आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून लोकांचे कल्याण ताडता येत नाही, हे अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी 1934 सालीच बजावले होते. वर्गात ते सांगणे सोपे जाते, पण प्रत्यक्ष गावात पहिल्याच दिवशी अडलो.

ज्या गावापासून सुरुवात केली, तेथील निम्म्याहून अधिक घरांतले कर्ते पुरुष गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी परराज्यांत आहेत. घरे दुमजली आहेत, दारात गाड्या आहेत, ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आहे. मात्र वर्षातले दहा महिने गावात प्रामुख्याने वृद्ध, स्त्रिया आणि शाळकरी मुलेच असतात. हा पैसा जेथे मिळवला जातो तेथील उत्पादनात धरला जातो, त्यामुळे आपल्या सांगली जिल्ह्याच्या सकल उत्पादनात तो दिसतच नाही. म्हणजे आकड्यांत हे गाव आहे त्याहून गरीब ठरते आणि डोळ्यांना आहे त्याहून सुखी वाटते.

माझे प्रश्न दोन आहेत. सर्व बाबी एकत्र करून गावाला एकच गुणांक द्यावा का? आणि शाश्वतता ही पुढच्या काळाविषयीची गोष्ट असताना ती आजच्या प्रश्नावलीत कशी उतरवावी?

आकडेमोड (सातारा)

सर, माझी नोकरी सांख्यिकी विभागात झाली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'देऊ नये' असे आहे. 1990 मध्ये आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र मोजणारा मानव विकास निर्देशांक आला तेव्हा एकाच आकड्याचा मोठा उपयोग झाला, कारण दरडोई उत्पन्नाच्या एका आकड्याला तोंड द्यायला दुसरा तितकाच सुटसुटीत आकडा हवा होता. परंतु सरासरी काढताना काय लपते ते पाहा. आरोग्य 0.9, शिक्षण 0.9 आणि उत्पन्न 0.3 असलेल्या गावाची साधी सरासरी 0.70 येते आणि तिन्ही बाबतींत 0.7 असलेल्या गावाचीही 0.70 च येते. 2010 पासून या निर्देशांकासाठी भूमितीय सरासरी (तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे घनमूळ) वापरतात, ती पहिल्या गावाला सुमारे 0.62 वर आणते. एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या भरभराटीने झाकली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. तरीही उणीव नेमकी कोठे आहे, हे त्या 0.62 वरून कळत नाहीच.

जिल्ह्याच्या सरासरीचेही तसेच आहे. आमच्या साताऱ्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. या दोहोंची सरासरी काढली तर जिल्ह्यात कोणालाच पाण्याची ददात नाही असे सिद्ध होईल!

निर्देशकाचा अर्थ लावताना किती फसगत होते, याचे एक उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी देत असे. 2011 च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 988 स्त्रिया होत्या, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा पुष्कळ चांगले चित्र. पण त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे प्रमाण सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत 900 च्या खाली होते. वरचा आकडा चांगला दिसतो तो बहुतांशी पुरुष मुंबईला माथाडी कामाला, गिरणीत किंवा फौजेत गेल्यामुळे. आपल्या गलाईच्या गावातही हेच होईल, म्हणून एकूण लिंग गुणोत्तर घेऊ नका, बालकांचे घ्या.

तयार आकडेवारीच्या मर्यादाही ध्यानात असू द्याव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत एका जिल्ह्यात सरासरी नऊशेच्या आसपास कुटुंबे होती. त्यावरून जिल्ह्याविषयी बोलता येते, तालुक्याविषयी नाही. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक (उत्पन्नाऐवजी आरोग्य, शिक्षण व राहणीमानातील उणिवा मोजणारा) याच सर्वेक्षणावर उभा आहे. त्याच्या बारा निर्देशकांत वीज, बँक खाते, स्वच्छतागृह अशा बाबी आहेत, आणि त्या आपल्या भागात बहुतेक घरी असल्याने गावागावांतला फरक दिसणार नाही. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन हे सरकारी प्रकाशन मात्र जरूर चाळावे, तालुकानिहाय तक्ते तेथेच मिळतात.

एक पद्धत उसनी घेण्यासारखी आहे. भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात नऊ क्षेत्रे आणि 33 निर्देशक असून प्रत्येकाला 'पुरेसे' म्हणण्याची एक मर्यादा ठरवलेली आहे. त्या मर्यादेच्या वर कितीही असले तरी जादा गुण मिळत नाहीत. दोन बंगले असलेल्याचे उत्पन्न त्यामुळे शेजाऱ्याच्या कुपोषणाची भरपाई करू शकत नाही. आनंद मोजता येतो की नाही हा वाद मी बाजूला ठेवतो, ही मर्यादेची कल्पना तेवढी घ्यावी.

द्राक्षबाग (तासगाव)

शाश्वततेबद्दल शेतकरी म्हणून लिहितो. आपण वर्षाला काय हाती आले ते विचारता, पण मूळ ठेव किती उरली ते विचारत नाही. माझ्या वडिलांच्या काळी विहीर होती, मग बोअर आली, मग पहिल्या बोअरच्या शेजारी आणखी खोल दुसरी. एका दुष्काळी वर्षी मी टँकरने पाणी विकत आणून बाग जगवली. त्या वर्षी बेदाण्याला भाव बरा मिळाला, म्हणजे हिशेबात उत्पन्न वाढले. टँकरवाल्याचेही वाढले, बोअर मारणाऱ्याचेही वाढले. पाणी तेवढे कमी झाले, ते कोणाच्याच वहीत नाही.

म्हणून प्रत्येक गावात पाच विहिरी ठरवून त्यांची पातळी मोजा, आणि शेतकऱ्याकडे मृदा आरोग्य पत्रिका असेल तर सेंद्रिय कर्ब व क्षारता उतरवून घ्या. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज भागात उसाला अती पाणी देऊन जी जमीन क्षारपड झाली, तिच्यावरच्या उसाचे उत्पन्न कितीतरी वर्षे जिल्ह्याच्या उत्पादनात मोजले गेले, पण बाद झालेली जमीन कधी वजा झाली नाही.

यात एक मेख आहे. तुमच्याकडे टेंभू योजनेचे पाणी आल्यावर विहिरींची पातळी वाढली असेल, तर ती वाढ गावाची स्वतःची नाही. ते पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून येते आणि विजेचे बिल भरले तरच येते. तेव्हा विहिरीच्या पातळीसोबत ते पाणी कोणाचे, हेही लिहा.

मिरजकर ताई

मी आरोग्य सेवेत असून घरोघरच्या पाहण्या करण्यातच निम्मे आयुष्य गेले आहे. उत्तर कोण देते यावर निकाल बदलतो, एवढेच सुचवायचे आहे. 'पाणी पुरते का?' या प्रश्नाला ओट्यावर बसलेले सासरे 'पुरते' म्हणतात. आत सुनेला विचारले तर नळ पहाटे तीनला येतो आणि तिची झोप तेथेच संपते, हे कळते. केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर वेळवापर सर्वेक्षण केले होते. तसा चोवीस तासांचा एक साधा तक्ता घरातल्या एका स्त्रीकडून वेगळा भरून घ्यावा. गलाईच्या गावात तर शेत, जनावरे, वृद्धांचे दवाखाने आणि मुलांचा अभ्यास हे सारे तिच्याच वेळेतून निघते आणि त्याला उत्पन्नात स्थान नाही.

दुसरे, आमच्याकडच्या पुराचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्यानंतर घराघरांत रंगकाम, नवे फर्निचर, दुरुस्त्या झाल्या. या सर्व खर्चाने उत्पादन वाढलेच असणार ना?

आकडेमोड (सातारा)

ताई, बरोबर आहे. दुरुस्ती आणि नवी खरेदी उत्पादनात धरली जाते. निव्वळ उत्पादन काढतानाही फक्त नेहमीची झीज वजा होते. पुरात वाहून गेलेली मालमत्ता राष्ट्रीय लेख्यांत (देशाच्या उत्पन्न-मालमत्तेच्या हिशेबांत) वेगळ्या खात्यात दाखवण्याची सोय आहे, पण जिल्हा पातळीवर ते खाते कोणी मांडत नाही. पाहणीत 'गेल्या पाच वर्षांत काय गमावले आणि ते कोणत्या पैशांतून पुन्हा उभे केले' असा एक प्रश्न ठेवता येईल. कर्ज काढून केले की सोने मोडून, हे त्यातून कळेल.

येरळाकाठ (विटा)

सर्वांचे आभार. एकच गुणांक देण्याचा विचार सोडला आहे. प्रत्येक गावाचा एक पानी तक्ता करू आणि 'पुरेसे' कशाला म्हणायचे, हे त्या गावाच्या ग्रामसभेत विचारू. यावर विभागातील एका सहकाऱ्यांचा आक्षेप आहे की मग गावागावांची तुलना होणार नाही. आक्षेप खरा आहे. म्हणून पाणी, बालकांचे वजन आणि स्त्रियांचा वेळ या तीन बाबींच्या मर्यादा सर्वत्र समान ठेवतो, बाकीच्या गावावर सोपवतो. विहिरी कधी मोजाव्यात?

द्राक्षबाग (तासगाव)

ऑक्टोबर आणि मे, दोन्ही वेळा. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी या दोन्ही महिन्यांत मोजते, त्यामुळे ताळा घेता येईल. मोटार बंद करून काही तास गेल्यावरच टेप सोडा, आणि दर वर्षी काठावरच्या त्याच दगडापासून मोजा. मुलांना त्या दगडावर ऑइलपेंटने खूण करायला सांगा.